स्वच्छ निघालेली कुई

गावचे वैदू आन्सेल्मोबाबांनी कुई उभी चिरली आणि अंगणातल्या तीस-चाळीस माणसांपुढून फिरवली. कुई म्हणजे बिनशेपटीचा गिनीपिग. आजारी माणसाच्या अंगावरून तो फिरवायचा आणि मग फाडून आजार बघायचा. तीन आठवड्यांपूर्वी सोइलाच्या अंगावरून उतरवलेल्या कुईच्या छातीत काळीकुट्ट गाठ निघाली होती. आज डाग नाही. बायका छातीवर क्रूस काढू लागल्या.

"दवाखान्यातला फोटो हाडापर्यंत बघतो, माझी कुई आत्म्यापर्यंत बघते," बाबा म्हणाले. "सोइला, स्तनातली गाठ गेली म्हणून खुद्द पर्वतदेवाने सही केली. आता गुरुवारी दवाखान्यातलं विष अंगात घेशील, तर मी जबाबदार नाही."

एवढ्या मोठ्या पर्वताला सहीसाठी बाबांखेरीज दुसरा कारकून मिळाला नव्हता.

वहिनी व्हिसेंता सोइलाच्या गळ्यात पडून रडली. सोइलाला काहीच वाटलं नाही. सलाईनमधून दिलेल्या केमोच्या दोन डोसांत केस गेले, तोंडाची चव गेली आणि त्यांच्याबरोबर भीतीही गेली होती. गुरुवारी जायचं नाही, एवढं ऐकून तिने होकारार्थी मान हलवली.

"आत्या, गुरुवार चुकवू नकोस," व्हिसेंताची मुलगी यादिरा म्हणाली. ती शहरातल्या इस्पितळात एमआरआय काढायची.

सोइला बाबांच्या हातांकडे बघत होती. "पहिली कुई ओरडली होती," ती म्हणाली. "आजची नाही ओरडली."

"आजार आत शिरताना ओरडणारच की, बाई."

सोइलाने जन्मभर कुया पाळून विकल्या होत्या. कुणी वेडंवाकडं दाबून धरली की आत रक्त साकळतं आणि सोलल्यावर गिऱ्हाईक ती परत आणून टाकतं, हे तिला पाठ होतं. तिने बाबांच्या टोपलीतली एक कुई उचलली, अंगाला न लावताच बरगडीवर अंगठा रुतवला. कुई तशीच ओरडली. जरा थांबून सोइलाने तिची मान मोडली आणि सुरी घेतली. छातीत तशीच काळी गाठ होती.

"ही कुणाच्या अंगावरून फिरवली?" तिने निर्विकारपणे विचारलं.

"मनात अविश्वास असला की असंच होतं," बाबा म्हणाले.

यादिराने पिशवीतून कागद काढला. "औषधाआधीचा आणि दोन डोसांनंतरचा एमआरआय संगणकाने शेकडो बायकांच्या चित्रांशी ताडून पाहिला. या औषधाने आत्याची गाठ विरेल असं दिसत नाही. म्हणून गुरुवारी औषध बदलायचंय."

"म्हणजे तुमचंही भाकीतच," बाबा हसले.

"भाकीतच. शंभरात वीसेक वेळा चुकतं, तेही इथे लिहिलंय. तुमचं किती वेळा चुकलं?"

"एकदाही नाही."

व्हिसेंताने डोळे पुसले. "माझ्या देल्फिनाची कुईसुद्धा स्वच्छच निघाली होती," ती म्हणाली. धाकट्या बहिणीला तिने गेल्या नाताळात पुरलं होतं.

बाबांनी टोपली झाकली. कुणी त्यांच्याकडे बघेना.

भाकीत सांगणारा बाबा असो की संगणक, त्याला एवढंच विचारावं: कशावरून सांगतोस, किती वेळा चुकलास आणि ते लिहून ठेवलंयस का? ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्या हाती आपल्या माणसाचा जीव देऊ नये.

औषध लागू पडत नाही, ही वाईट बातमी इस्पितळाचीच होती, आणि सोइलाला तीही कुठे टोचली नाही.

"गुरुवारी किती वाजता निघायचं?" तिने यादिराला विचारलं.

"पहाटे पाचला."

"मीही येते," व्हिसेंता म्हणाली.