एका टाकीला तीन नळ

वहिनीला खेळात घेतलं ते चौथा भिडू कमी पडत होता म्हणून, उगाच मानपान नको. टेबलावर कागद-फासे मांडून खेळायच्या त्या अंतराळातल्या लढाईत नवरा झाला कप्तान, नणंद झाली नेमबाज, आणि वहिनीच्या कागदावर दिराने आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हमाल'. ऊर्जापेटी तिने वाहायची, दोर तिने वाहायचे आणि लढाईला तोंड फुटलं की मागे सरायचं. कमरेला पिस्तूल होतं, पण वर्षभरात त्यातून एक बार निघाला नव्हता. चौदा वर्षं गावभर नळ जोडून स्वतःचं दुकान उभं केलेल्या बाईला घरच्या टेबलावर ही पदवी! तिला ती झोंबायची, चांगलीच झोंबायची.

खेळ चालवायचा दीर. तीनशे पानांचं नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ, आणि शब्दाचा कीस काढण्यात त्याचा हात धरणारा घरात कोणी नव्हता. गेल्या महिन्यात वहिनीने जहाजाचं दार लावलं, तर शत्रू छताच्या झरोक्यातून आत.

"असं कसं, भाऊजी?"

"झरोक्यातून येऊ नये असं कुठं लिहिलंय, वहिनी? जे लिहिलं नाही, त्याला मनाई नाही."

ते वाक्य ती विसरली नाही.

आज रविवारी दुपारी शेवटचा डाव होता. हरले तर वर्षभर सांभाळत आणलेलं जहाज आत झोपलेल्या चारशे माणसांसकट नष्ट होणार होतं. जहाजाच्या दारात शत्रूचं पोलादी यंत्र उभं होतं. एका फेरीत तीस गुणांचा मारा बसला तरच ते पडणार. इतक्या जवळून नेम चुकायचा प्रश्न नव्हता, पण प्रत्येकाचा साधा मारा चारचा. ऊर्जापेटी जोडली तर दहाचा. आणि पेटी एकच.

"माझे दहा, हिचे चार. चौदा," नवऱ्याने पेन खाली ठेवलं. "आटोपलं आपलं."

"थांबा हो जरा. भाऊजी, जोडणीचा नियम वाचा बरं."

दिराने पुस्तक न उघडताच म्हणून दाखवला. "एका शस्त्राला एकच उपकरण जोडता येईल."

"म्हणजे एका नळाला एकच टाकी. कबूल. पण एका टाकीला किती नळ, ते कुठं लिहिलंय?"

नणंदेने झडप घालून पेटीचा तक्ता ओढला.

"पेटीत तीन बार आहेत! वहिनी, तीन!"

"तीन माणसं, तीन बार. माझं पिस्तूलही धरा त्यात."

"पण पेटी रिकामी होईल," दीर म्हणाला.

"होऊ दे की. टाकी भरून ठेवतात ती कशासाठी?"

दिराने पुस्तक उघडलं. जोडणीचं प्रकरण पाहिलं, पुरवणी पाहिली, शेवटी शुद्धिपत्रही चाळलं. त्याचा चहा निवून गेला. वहिनी स्वस्थ बसली होती, हाताची घडी घालून.

"मनाई नाही," तो अखेर पुटपुटला.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"मनाई नाही, वहिनी! तीस! पडलं यंत्र!"

नणंदेने खुर्चीवर चढून आरोळी ठोकली. नवऱ्याने आनंदाच्या भरात फासे टेबलाखाली सांडले. वहिनीला इतका आनंद झाला की हसू आवरेना, आणि तो लपवायची तिला गरजही वाटली नाही.

दिराने डोकं खाजवलं. मग त्याने तिचा कागद ओढून 'हमाल'वर आडवी रेघ मारली आणि पेन तिच्यापुढे धरलं. "माझीच काठी माझ्याच पाठीत घातलीत. आता तुम्हीच लिहा, काय लिहायचं ते. कप्तान लिहिलंत तरी चालेल."

वहिनीने कप्तानाकडे, म्हणजे नवऱ्याकडे, एकदा पाहिलं. मग ठळक अक्षरात लिहिलं, 'प्लंबर'.