उतरलेला ताप

भादव्यात चतुराबाईच्या दोन्ही सुना एकदमच तापानं पडल्या. चकलांब्यात तेव्हा घरोघरी तेच चाललं होतं. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, म्हणून प्रत्येकाच्या दारात पिंपं भरलेली आणि पिंपांत डासांच्या अळ्या. रक्त तपासलं तर दोघींनाही डेंगी निघाला.

धाकट्या योगिताच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंगानं नुसती काडी. तापात बडबडायची, आईला हाका मारायची. थोरली रोहिणी धडधाकट. चाळीस शेळ्यांचं करून वर स्वयंपाक उरकणारी. तीन वर्षांमागं ती नवऱ्याबरोबर, जीवनबरोबर, मेंढरं घेऊन माजलगावकडं गेली होती, तेव्हाही तिला डेंगी झाला होता. चार दिवस अंथरुणात आणि पाचव्या दिवशी परत मेंढरांमागं. म्हणून चतुराबाईला तिची काळजीच नव्हती. "हिला एकदा होऊन गेलाय. हिचं अंग आता पक्कं झालंय," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

पाचव्या दिवशी सकाळी रोहिणीचा ताप उतरला. योगिताचा मात्र हटेना. जीवन मेंढरं घेऊन लांब गेलेला. धाकटा परमेश्वर बायकोला गेवराईला न्यायला जीप घेऊन आला. चतुराबाई निघायच्या घाईत असताना रोहिणी भिंतीला धरून उभी राहिली.

"आत्याबाई, माझं पोट लई दुखतंय."

"चार दिस पोटात काय न्हाई, दुखणारच. दूधभाकर कुस्करून खा."

"सकाळपून तीनदा उलटी झाली. मी बी येऊ का दवाखान्यात?"

"आन् शेळ्यांकडं कोण बघंल? तुझा ताप तर गेलाय की. हिची गत बघ जरा."

रोहिणी भिंतीच्या आधारानं गोठ्याकडं वळली. जीपमध्ये योगिताशेजारी एक माणूस सहज बसलं असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी योगिताला तपासलं, सलाईन लावलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कुणाला ताप?"

"थोरलीला होता, आज उतरला," चतुराबाई जरा ऐटीतच म्हणाली. "तिला पहिला एकदा डेंगी होऊन गेलाय. तिला काय होत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "पोट दुखतंय का तिचं? उलट्या?"

"व्हय... म्हणत होती तसं."

"आजी, आत्ता फोन लावा. तिला लगेच इथं आणा."

"पर ताप तर गेलाय तिचा."

"ताप उतरतो तेव्हाच खरं जपावं लागतं. डेंगीचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की शरीर त्याला ओळखतं. पण पुढं दुसरा आला, तर ती जुनी ओळख त्याला अडवत नाही, कधीकधी उलट त्यालाच आत शिरायला मदत करते. मग रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, बीपी घसरतो. सगळ्यांना होत नाही असं. पण मला हिच्यापेक्षा तिची भीती वाटते."

परमेश्वरनं रोहिणीला फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग शेजारच्या छबुबाईला लावला. ती बोलता बोलताच गोठ्याकडं पळाली. रोहिणी कुडाला टेकून बसलेली होती, दुधाचं भांडं कलंडलेलं. "हातपाय गारठलेत गं हिचे!" छबुबाई फोनवर ओरडली. "नुसती पानी पानी करतीय."

परमेश्वरची वाट न बघता छबुबाईनं गावातली एक गाडी अडवली आणि तिला गेवराईला आणलं. तिथं सलाईन लावून अॅम्ब्युलन्सनं बीडला हलवलं. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. दुसऱ्या दिवशी जीवन पोचला. दाराबाहेर बसलेल्या आईला त्यानं एकच विचारलं, "ती म्हणत होती, तर कावून न्हाई न्हेलं तिला?" चतुराबाई पदराचं टोक पिळत बसली.

योगिता आठवड्यात बरी होऊन घरी आली. रोहिणीही वाचली. बीडहूनच तिचे वडील, सुंदरराव, तिला कड्याला माहेरी घेऊन गेले. जाताना ते विहिणीशी बोलले नाहीत.

दिवाळी झाल्यावर चतुराबाई एकटीच एसटीनं कड्याला गेली. रोहिणी उतरलेली दिसत होती. तिनं पाणी दिलं, पाया पडली.

"चुकलं माझं, पोरी," चतुराबाई म्हणाली.

"तुमाला कुठं ठावं होतं, आत्याबाई? डाक्टरला बी विचारल्यावरच कळतं ते."

"रोगाचं न्हवतं ठावं. पर तू तर सांगितलंतंस."

रोहिणीनं पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. चतुराबाईला वाटलं होतं, ती निदान 'जाऊ द्या' तरी म्हणेल.

पुढच्या आठवड्यात जीवननं तिला घरी आणलं. परत शेळ्या, परत चूल. वागण्याबोलण्यात कुठं काही कमी नव्हतं. चतुराबाईनं मुलांकडून पिंपांना झाकणं करून घेतली, दर आठवड्याला स्वतः पिंपं घासायला लागली. योगिताला साधी शिंक आली तरी ती थोरलीकडं बघायची आणि विचारायची, "तुला बरं हाय ना गं?" रोहिणी म्हणायची, "बरं हाय."

पुसाच्या महिन्यात एके दिवशी गिरणीवर छबुबाई भेटली. "रोहिणीचा कान दुखायचा राहिला का? काल मीच न्हेलतं तिला दवाखान्यात. तीन दिसांपून ठणकत होता म्हणं."

चतुराबाई दळण घेऊन घरी आली. रोहिणी चुलीपुढं भाकरी थापत होती. पदराआड कानातला कापूस दिसत होता.

"कान दुखतोय व्हय गं?"

रोहिणीनं तव्यावरची भाकरी उलटली. "न्हाई, आत्याबाई. बरं हाय," ती म्हणाली.

चतुराबाईनं पीठ डब्यात ओतलं आणि तिथंच डब्याशी बसून राहिली.