बाबांचे कान

दिवा हिरवा लागला. इंजिनिअर स्वतःशीच हसला, कारण त्याच्या हिशेबाने तो लाल लागायला हवा होता. म्हणजे कुठेतरी वायर सैल असणार. त्याने बाबांच्या डोक्यावरचा इअरमफ काढला, दोन्ही जाड कप उघडून आतल्या जोडण्या तपासल्या, बॅटरी बदलली आणि तो पुन्हा बाबांच्या कानांवर बसवला. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्या मुलासारखे खुर्चीत बसले होते. दिवा पुन्हा हिरवा.

हा त्याचा नवा शोध. इअरमफ गोंगाटापासून कान वाचवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कान खरंच वाचला की नाही हे कोण सांगणार? तर हाच सांगणार. कपातून बारीक टिकटिक कानात जायची. धडधाकट कान त्या आवाजाला आतून अगदी क्षीण असं उत्तर देतो, ते कपातला माइक टिपतो आणि दिवा हिरवा होतो. निकामी कान गप्प राहतो, मग लाल. ऐकू आलं का, असं माणसाला विचारावंच लागत नाही. पेटंटचा अर्ज तयार होता, फक्त एका ठार बहिऱ्या कानावरची चाचणी राहिली होती. तो कान घरातच असताना बाहेर कशाला वणवण करायची?

खरं तर त्याची सगळी पेटंटं याच कानांतून निघाली होती. यंत्राचा खडखडाट अडवून माणसाचा आवाज तेवढा आत सोडणारा इअरमफ, विजेच्या तारेजवळ हात गेला की मनगटावर थरथरणारा हातमोजा, विषारी वायूची चाहूल लागताच लुकलुकणारं हेल्मेट. कुठेही भाषण असो, सुरुवात ठरलेली. माझे वडील कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होते, तिथे त्यांचे कान गेले, म्हणून मी या कामाला लागलो. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावायचे आणि याचेही. बाबा डॉक्टरकडे कधी गेले नाहीत. गेलेलं थोडंच परत येणार आहे, म्हणायचे. मुलाने मोठ्या हौसेने बनवलेलं कानातलं यंत्रही त्यांनी दोन दिवस वापरून कपाटात ठेवून दिलं होतं.

त्यामुळे या घरात सगळे टिपेच्या आवाजात बोलत. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, इथे रोज भांडणंच चालतात. वर्षभरात तिचाही आवाज तसाच चढला.

आता तिलाच हाक मारून त्याने इअरमफ तिच्या कानांवर ठेवला. हिरवा. स्वतःच्या कानांवर ठेवला. हिरवा. ती म्हणाली, तुमचे कान शाबूत आहेत तर मग मी हाक मारते तेव्हा कुठे असतात, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्याने तो एका उशीवर चढवला. लाल. तिसऱ्यांदा बाबांच्या कानांवर. हिरवा.

इअरमफ काढून बाबांच्या हातात देऊन तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि पुटपुटला, "यंत्रच बिघडलंय."

"यंत्र नाही बिघडलं," मागून बाबा म्हणाले.

 त्याला वळायचं सुचेना. वळला तेव्हा बाबांनी इअरमफ मांडीवर घेतला होता आणि ते जमिनीकडे बघत होते. किती ऐकू येतं, असं त्याने विचारलं. सगळं, म्हणाले. कधीपासून? पहिल्यापासून.

मग ते बोलत राहिले, हळू आवाजात. प्रेसवर दोघं असायचे. जोडीदार पत्रा सरकवायचा, बाबा पॅडल दाबायचे. जोडीदाराला दिवसातून कितीदा तरी थांबायचं असे, कधी पत्रा तिरका झाला म्हणून, कधी नाक खाजलं म्हणून.

"त्या दिवशीही तो 'थांब' म्हणाला. मी ऐकलं. म्हटलं, एवढा एक नग होऊ दे, मग थांबतो." "त्याचा हात साच्यात होता रे."

चौकशीत साहेबांनी विचारलं, का थांबला नाहीस? तोंडातून निघून गेलं, ऐकू आलं नाही. ते सगळ्यांना पटलं. प्रेसवरच्या माणसाला ऐकू येत नाही, यात नवल काय? बाबांना पॅकिंग खात्यात बसवलं, जिथे आवाज म्हणून नव्हता. म्हणून तर कान राहिले. आणि एका हाताचा तो जोडीदार मरेपर्यंत लोकांना सांगत राहिला की, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, त्याला ऐकूच आलं नाही.

"तुझं पहिलं पेटंट आलं तेव्हा सांगणार होतो," बाबा म्हणाले. "पण तू माझ्या कानांबद्दल इतकं बोलत होतास."

 इंजिनिअरला काय काय आठवू लागलं. याच टेबलाशी, बाबा समोर जेवत असताना, त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं का यावर नवरा-बायको साध्या आवाजात बोलले होते. बाबांनी हाताने खूण करून पाणी मागितलं होतं. त्याला स्वतःची किळस आली. आणि मग त्याहून वाईट काहीतरी आठवलं. ते तोंडातून काढायची भीती वाटली, तरी त्याने विचारलं.

"आई गेली तेव्हा?"

बाबांनी मांडीवरचा इअरमफ उलटा करून ठेवला.

"'अहो, अहो' म्हणत होती. तू तिला म्हणालास, आई, बाबांना ऐकू येत नाही. मी भिंतीकडे बघत बसलो. ओ दिली असती तर सगळंच उघडं पडलं असतं."

 राग आला होता की रडू, इंजिनिअरला कळेना. बाबांच्या मांडीवर यंत्र होतं. त्यात काहीही चूक नव्हती.

आतून बायकोची जेवणाची हाक आली, नेहमीसारखी टिपेची. बाबा हलले नाहीत. इतक्या वर्षांची सवय. इंजिनिअरला त्यांना हळू बोलवायचं होतं, एरवी माणसं एकमेकांशी बोलतात तसं. पण बाबांना हळू हाक त्याने जन्मात कधी मारली नव्हती. तो खुर्चीजवळ गेला, वाकला, आणि तोंडातून निघाला तो शेजारीपाजारी ऐकतील असाच आवाज.

"बाबा, जेवायला चला!"

बाबा दचकले. इतक्या वर्षांत ते कधीच दचकले नव्हते. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.