वस्तऱ्याखालची मान

प्रभूची सुवार्ता सांगायला पहिल्यांदा हॉस्पिटलात गेलो, तेव्हा वॉर्डाच्या दारातच थबकलो. मी न्हावी, दुकानात दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो, पण इथे येशूचं नाव काढायचीही भीती वाटली. खिडकीजवळच्या आजोबांना कसंबसं विचारलं, "दाढी करून देऊ का?"

त्यांनी लगेच डोळे मिटून मान वर केली. फेस लावला, वस्तरा गळ्याला टेकवला, तरी ते शांतच.

"आजोबा, अनोळखी माणसाची भीती नाही वाटत?"

"पाठवलंय ना तुला कुणीतरी? मग झालं तर!"

दुसऱ्या गालावर येईपर्यंत मी येशूबद्दल बोलायलाही लागलो होतो. त्या आजोबांसाठी आजही प्रभूचे आभार मानतो. वस्तरा माझ्या हातात होता, आणि घाबरलो होतो मीच!