मनगटपट्टी, प्लास्टरची धाकटी जाऊ

मी मनगटाची पट्टी बोलतेय. आत पातळ पत्रा, वरून निळं कापड, बांधायला तीन चिकटपट्टे. घालता येते, काढता येते. एवढाच माझा गुन्हा.

२००७ च्या उन्हाळ्यात शिवाजी पेठेतली आठ वर्षांची सौंदर्या सायकलवरून पडली. डॉक्टर मनालींनी एक्स-रे पाहिला. "मनगटाचं हाड सरकलेलं नाही, एका बाजूला नुसतं दबून फुगलंय. अशा मुलांवर अलीकडे अभ्यास झालेत. प्लास्टरवाली आणि पट्टीवाली, दोन्ही सारखीच बरी झाली. तीन आठवडे ही पट्टी पुरे."

सौंदर्याचे वडील सिद्धराम यांचं कापडाचं दुकान. त्यांनी मला चिमटीत धरून पोत तपासला. "अवो मॅडम, पोरीचा हात मोडलाय आन् ही चिंधी? लोक काय म्हणतील? पिलास्टर घाला की!"

"गरज नाही."

"म्हंजे तुम्हाला येत न्हाय?"

मला पिशवीत कोंबून मंडळी दुसऱ्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी मागितलं ते घातलं. पांढरंशुभ्र, दगडासारखं प्लास्टर! घरी पाहुण्यांची रांग लागली. कुणी त्यावर नाव लिहिलं, कुणी टकटक वाजवून "घट्ट हाय" असा दाखला दिला.

"पप्पा, बोटं दुखाय लागल्यात," पोरगी रडत होती.

"हाड जुळतंय, दुखणारच!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. बोटं कुणीच बघितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी शांतव्वानं तिच्या त्या हातात भाकरीचा तुकडा दिला. तो गळून पडला. बोटं टम्म फुगून जांभळी झाली होती. शांतव्वा ओरडली, "सिद्धू, पोरीचा हात जातोय की रं!"

रिक्षा थेट डॉक्टर मनालींकडे. प्लास्टर कापताना सिद्धराम भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं बोटं गुलाबी झाली, अंगठा हलला. मग डॉक्टरांनी हात पुढे केला. शांतव्वानं पिशवीतून मला काढून दिलं.

तीन आठवड्यांत हात बरा झाला. सिद्धराम मात्र गिऱ्हाइकांना सांगत, "एकच दिवस पिलास्टर, पण त्यानंच हाड धरलं!"

त्याला दोन वर्षं झाली. काल सौंदर्याचा धाकटा भाऊ वीरेश ओट्यावरून हातावर पडला. या वेळी सिद्धराम शहाण्यासारखे डॉक्टर मनालींकडेच गेले. "मॅडम, पट्टीच द्या."

"नुसता मुका मार आहे. काहीच बांधायचं नाही."

सिद्धरामांचा चेहरा उतरला. "काहीच न्हाय? पोराला असंच उघड्या हातानं घरी न्यू?"

घरी येताच त्यांनी मला कपाटातून काढलं आणि वीरेशच्या धडधाकट मनगटावर आवळलं. आता पाहुणे येताहेत, हळहळताहेत.

पावणं, तुम्ही आलात तर हळहळू नका. हळूच माझे तीन पट्टे सोडा. पोराला खेळायला जायचंय.