घरातही न उतरलेली टोपी

मी सिद्धरामच्या डोक्यावरची काळी टोपी बोलतेय. भालकीच्या बाजारात कधी गेला असाल, तर माझ्या बहिणी तुम्ही पाहिल्या असतील. कापडी, पुढे चोच आलेल्या, हातगाडीवर दोरीला चिमट्यांनी टांगलेल्या. मला शिवलं ते उन्हासाठी. लाजेचं काम माझ्याकडे नंतर आलं.

सिद्धराम बसस्टँडजवळ ठिबकच्या पायपांच्या दुकानात कामाला आहे. त्याचे वडील बिराप्पा अजून मेंढरं राखतात, पण पोरानं रान सोडून काउंटर धरलं. मला घेताना त्यानं ना भाव केला ना रंग निवडला. मोटारसायकलच्या आरशात वाकून मला पुढे ओढलं, मग आणखी पुढे. तिशीही न गाठलेल्या त्या माणसाचं कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत पोचलं होतं. उन्हाशी आपलं फारसं काही नाही, हे मला तिथंच कळलं.

मग मी उतरलेच नाही. दुकानात मी, जेवताना मी, लग्नाच्या मांडवात मागच्या रांगेत मी. दुकानातले लोक म्हणायचे, "सिद्धू, लाइट गेली तर टोपी काढ रे." तो सगळ्यांच्या आधी हसायचा आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायचा. त्या वेळी आत डोकं किती तापायचं, ते फक्त मला ठाऊक.

घरी त्याची आई कोंडाबाई विचारायची, "घरात ऊन न्हाई, टोपी कामून घालून बसलास?"

"सर्दी झालीय, आई."

ती सर्दी दोन उन्हाळे टिकली. कोंडाबाई पुढे काही बोलायची नाही. फक्त आठवड्यातून एकदा मला धुवायला मागायची, तेव्हा तो डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायचा.

पुढं आळंदकडच्या तुळजाचं स्थळ आलं. मुलगी बघायला गेला तेव्हाही मी होतेच. तुळजानं चहा देताना एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. स्थळ जमलं, घरी गूळ वाटला, आणि कोंडाबाईनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "म्या बिरोबाला बोलले व्हते, सिद्धूचं लगीन जमलं की त्याचे केस देईन म्हणून. साखरपुड्याच्या आदी जाऊ. तुळजाच्या घरचे बी येतील."

सिद्धरामच्या कपाळाला सुटलेला घाम माझ्या शिवणीत उतरला. जे डोक्यावर नाही ते देवाला द्यायचं, आणि तेही सासरच्या माणसांसमोर.

दुसऱ्याच रविवारी आम्ही हुमनाबादवरून बसनं कलबुर्गीला गेलो. घरी सांगितलं, पायपांचा माल बघायला. एका जिन्यावर केस लावून देणारं क्लिनिक होतं. भिंतभर फोटो: डावीकडे टक्कल आणि पडलेलं तोंड, उजवीकडे केस आणि हसू. कोट घातलेल्या माणसानं मला स्वतःच्या हातानं उचलून टेबलावर ठेवलं. परक्या माणसासमोर उघडं डोकं घेऊन बसलेला सिद्धराम मला पहिल्यांदाच समोरून दिसला. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"मागचे केस काढून पुढं लावायचे," तो माणूस म्हणाला. "त्यासाठी डोकं मात्र भादरावं लागतं."

सिद्धरामनं मान वर केली. त्याच्या मनात काय आलं ते मला पुढे समजलं, आणि समजलं तेव्हा मला माझीच घडी करून घ्यावीशी वाटली. इथंच भादरून घ्यायचं, घरी जाऊन सांगायचं की एकटाच बिरोबाला जाऊन आलो, नवस फिटला. आई, देव आणि तुळजा, तिघांनाही एकाच खोट्यात बसवायचं.

"ऑपरेशन करणारे डॉक्टर कोण?" निघताना त्यानं विचारलं.

"आमची टीम हाय ना."

"पण कातडीला हात कोण लावनार?"

"अण्णा, तुम्ही तारीख सांगा. टीमचं आमच्यावर सोडा."

डोकं आपलं आणि हात कुणाचा ते माहीत नाही, हे परतीच्या बसमध्ये काही त्याच्या गळी उतरेना. दोन दिवसांनी तो बिदरला डॉक्टर जयंतीबाईंकडे गेला. त्या कातडीच्या डॉक्टर, बोलायला सरळ. त्यांनी भिंगातून डोकं तपासलं, घरात कुणाकुणाला टक्कल आहे ते विचारलं.

"तुमची गळती अजून थांबलेली नाही," त्या म्हणाल्या. "आज पुढे लावाल आणि उद्या मागचं विरळ होईल. मागचे केस काही अमाप नसतात. आधी वर्षभर औषध घ्या. मग करायचं ठरलं तर जो सर्जन स्वतः तपासेल, स्वतः करेल आणि काय होणार नाही तेही सांगेल, त्याच्याकडे जा. मी नाव देईन."

"म्याडम, साखरपुड्याच्या आदी न्हाई का व्हनार?"

"लावलेले केसही आधी गळतात, मग कित्येक महिन्यांनी उगवतात. आणि डोक्यावर खपल्या धरतात, त्या कुणापासून लपवणार?" मग त्यांनी विचारलं, "मुलीला माहीत आहे का?"

सिद्धरामनं उत्तर म्हणून मला डोक्यावर चढवलं. मला तेव्हा फार ओशाळल्यासारखं झालं.

बिरोबाला जायच्या आदल्या दिवशी कोंडाबाईनं मला धुवायला मागितलं. अंगणात दगडावर बसून तिनं मला उलटं केलं आणि माझ्या अस्तरातले केस एकेक वेचले. टॉवेल गुंडाळून दारात उभा असलेला सिद्धराम ते बघत राहिला.

"आजून पडायलेत," ती म्हणाली.

"तुला ठावं हाय?"

"टोपी कोन धुतंय रं?" तिनं ते केस पदराच्या टोकाला बांधले. "म्हनून तर नवस बोलले. देवाला दिलेल्या डोस्क्याला कोन हसत न्हाई. सगळ्यांच्या म्होरं टोपी काढशील, मोकळा व्हशील."

सिद्धराम खाली बसला. ज्या नवसावर तो खोटं रचायला निघाला होता, तो त्याच्याच लाजेवर पांघरूण म्हणून बोललेला होता. त्यानं टॉवेल सोडला आणि आईसमोर उघड्या डोक्यानं रडला.

दुसऱ्या दिवशी बिरोबाच्या पुढं ढोल वाजत होते. गुंडप्पा न्हाव्यानं वस्तरा फिरवला आणि काम ढोलाची एक चाल संपायच्या आत झालं. कोंडाबाईनं पदराची गाठ सोडून तेही केस भादरलेल्या केसांत मिसळले. डोक्यावर भंडारा पडला, कुणीही हसलं नाही. मी सिद्धरामच्या हातात होते. तो आता गप्प बसला असता तरी भागलं असतं.

तो घरच्यांबरोबर आलेल्या तुळजाच्या समोर गेला. त्याची बोटं माझी चोच मुरगाळत होती.

"हे समदं नवसाचं न्हाई," तो म्हणाला. "पुढचे आदीच गेलेत. परत येनार न्हाईत. आदी सांगायला पायजे व्हतं."

तुळजानं भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या डोक्याकडे बघितलं.

"टकलाचं म्या वळखलं व्हतं," ती म्हणाली. "घरात कोन टोपी घालून चहा पितंय? तुमी सांगताव का न्हाई, तेवढंच बगायले व्हते."

सिद्धरामची मान खाली गेली. पण मला त्यानं परत डोक्यावर ठेवलं नाही.

लग्न झालं, आणि आता मी तुळजाकडे असते. तुरीत खुरपायला जाताना ती मला पदरावरून घालते. माझा रंग विटला, चोच मोडली, पण ज्या उन्हासाठी मला शिवलं ते ऊन अखेर माझ्या वाट्याला आलं. सिद्धराम औषध घेतो, वर्षानंतर सर्जनचं बघू म्हणतो. अनोळखी माणूस समोर आला की त्याचा हात अजून डोक्याकडे जातो, आणि मी तिथं नसते.

तुमच्या घरी कुणी सावलीतही टोपी घालून बसत असेल, तर ती हिसकू नका. धुवायला म्हणून तेवढी मागून घ्या.