पाय हलका ठेव

मी बोलतोय तो तुमच्या उजव्या पायाखालून. गाडीत बसलं की सगळ्यांचं लक्ष काचेकडे, आरशाकडे नाहीतर गाण्यांकडे असतं. खाली वाकून माझी चौकशी कुणी करत नाही. मी एका छोट्या पांढऱ्या गाडीचा अॅक्सिलरेटर. रबराची एक लहानशी पट्टी, तिच्यामागे एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. शेजारी ब्रेक, त्याच्या पलीकडे क्लच. आम्हा तिघांना एकाच दिवशी एकाच कामगाराने बसवलं. त्याने माझ्यावर बूट दाबून पाहिला, "चालतंय" म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला. माझं बारसं ते एवढंच.

मला वरचं फारसं दिसत नाही, माणूस गुडघ्यापर्यंतच दिसतो. पण पावलावरून स्वभाव चांगला कळतो. कोण भांडून आलाय, कुणाला उशीर झालाय, कुणाचं मन गाडीत नाही, हे मला चेहऱ्याआधी समजतं.

आमची गाडी आजाऱ्यांच्या घरी नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेची. ती चालवायची ताई. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, असं तिचं काम. दिवसाला सात-आठ घरं. तिचा हात म्हणे इतका हलका की चिकटलेली पट्टी निघाली तरी आजाऱ्याला कळत नसे. असेल. पाय मात्र हत्तीचा होता.

घाईच तशी असायची म्हणा. दार लावलं की ती माझ्यावर उभीच राहायची. शंभर पावलांवर तांबडा दिवा दिसतोय, तरी मी तळाला. मग दिव्यापाशी ब्रेकच्या उरावर बसायचं. ब्रेक मला म्हणायचा, "तू कमव, मी उधळतो." प्रत्येक घरासमोर गाडी चालूच ठेवायची, "पाच मिनिटांचं तर काम आहे" म्हणून. त्या पाच मिनिटांची वीस व्हायची आणि इंजिन बिचारं उभ्या उभ्या पेट्रोल पीत राहायचं.

त्या वर्षी पेट्रोलची टंचाई होती. गाडीमागे महिन्याला पंचवीस लिटर, वर एक थेंब नाही. एक तारखेला टाकी भरायची आणि सत्तावीस-अठ्ठावीसला काटा झोपायचा. मग उरलेले दिवस जवळच्या घरी ताई चालत जायची. पण फेरीतलं शेवटचं घर टेकडीवर होतं. तिथे बस जात नव्हती. दुखणाऱ्या गुडघ्यांनी सामानाची पेटी घेऊन तो चढ चढणं ताईच्या आवाक्याबाहेरचं होतं.

त्या घरात शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. एकट्याच. उजव्या पायाला घोट्यावर जखम झालेली, चिघळलेली. चार दिवस पट्टी चुकली की महिनाभराचं बरं झालेलं पुन्हा उसवायचं. एका एक तारखेला ताई त्यांच्या घरून परत आली आणि दार लावून तशीच बसून राहिली. किल्ली फिरवेना. मग फोनवर डॉक्टरांशी बोलली. तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ताई एवढंच म्हणाली, "हाडापर्यंत गेलं तर पाय काढायचा? अहो, मशीन पायावर चालतं त्यांचं."

त्या दिवशी ती खूप हळू घरी गेली.

त्यानंतरच्या रविवारी शेजारच्या सीटवर आप्पा येऊन बसले, ताईचे वडील. उभा जन्म दुधाचा टँकर चालवलेला माणूस. बसल्या बसल्या चपला काढून त्यांनी पाय मॅटवर ठेवले. काळे, रुंद, भेगाळलेले पाय. ताईने गाडी काढली आणि पहिल्याच चौकात आप्पांनी जोरात मॅट दाबला, जणू तिथे ब्रेक आहे.

"आप्पा, तिथे काही नाही."

"माहीत आहे. तरी पाय जातो. तू अशीच चालवतेस रोज?"

"उशीर होतो हो."

"होऊ दे. सँडल काढ आधी. जाड तळव्याला काय कळणार खाली काय चाललंय ते."

अनवाणी चालवणं बरं की वाईट, हे शहाण्यांनी ठरवावं. मला मात्र जन्मात पहिल्यांदा माणसाच्या कातडीचा स्पर्श झाला. मी संकोचलो.

"मारायचा नाही, ठेवायचा," आप्पा म्हणाले. "झोपलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवतेस ना, तसा. पाय हलका ठेव."

मग शिकवणी सुरू झाली, आप्पा रोज फेरीला येऊ लागले. पुढचा दिवा तांबडा दिसला की तिथूनच पाय काढायचा, गाडी आपसूक जाते. वेग आला की लवकर वरचा गिअर टाकायचा, इंजिनाला ओरडायला लावायचं नाही. थांबलं की बंद करायचं. आप्पांनी चाकांत हवा भरून आणली, चारही चाकं अर्धपोटी होती. डिकी उघडली तेव्हा त्यातून एक मोडकी व्हीलचेअर, दोन गाद्या, जुन्या फायलींचं पोतं आणि एक इस्त्री निघाली.

"इस्त्री कशाला गं?"

"दुरुस्तीला द्यायची होती."

"कधी?"

इस्त्रीला गाडीतून हिंडून दोन वर्षं झाली होती. घरांचा क्रमही बदलला. येता-जाता तीच गल्ली दोनदा ओलांडणं बंद झालं.

पण आप्पांचं एक चुकत होतं, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं. टेकडीवरून उतरताना ते हात लांब करून स्वतःच गिअर काढायचे. "न्यूट्रल. फुकटचा उतार आहे, पेट्रोल कशाला जाळायचं? आयुष्यभर हेच केलंय." गाडी मोकाट सुटायची आणि सगळा भार ब्रेकवर. एका दुपारी उतारावर रबर जळल्यासारखा वास आला. वळणावर एक सायकलवाला आडवा आला. ताईने ब्रेक दाबला तर तो नेहमीसारखा धरेना. गाडी कशीबशी कठड्यापाशी थांबली. सायकलवाला शिव्या देऊन निघून गेला.

खालच्या गॅरेजातल्या बाईंनी चाक उघडून पाहिलं. "न्यूट्रलवर उतरवता?"

"वाचतं ना थोडं," आप्पा म्हणाले.

"काका, तुमच्या टँकरचं इंजिन वेगळं होतं, आणि तेव्हाही ते धोक्याचंच. या गाडीत गिअर असू द्या आणि नुसता पाय काढा. उतारावर चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल जातच नाही. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू राहायला ते प्यावंच लागतं."

घरी जाताना आप्पांचे दोन्ही पाय मॅटवर जुळवून ठेवलेले होते, परक्या घरी बसावं तसे. मला त्यांचं फार वाईट वाटलं. दारात उतरताना म्हणाले, "इतकी वर्षं चुकीचं केलं. आणि तुलाही तेच शिकवलं."

"बाकी सगळं बरोबर शिकवलंत," ताई म्हणाली. "उद्या येणार ना?"

ते आले.

तो महिना एकतीस दिवसांचा होता. सत्तावीस गेली, अठ्ठावीस गेली, गाडी चालूच. दोघं रोज काट्याकडे बघायचे, पण बोलायचं नाही असं जणू ठरलेलं. एकतीसला काटा तांबड्यावर टेकला होता आणि शेवटचं घर राहिलं होतं. ताईने चढ दुसऱ्या गिअरमध्ये घेतला, न थांबता, न दामटता. मला वाटत होतं, आता इंजिन खोकणार. आप्पांच्या पायाची बोटं आवळलेली होती.

पोचलो. ताईने लगेच गाडी बंद केली.

आणि त्या शांततेत मला घरातून आवाज आला. खट, खट, खट. थांबून, पुन्हा खट, खट. शिवणयंत्राचं पायडल. इतके महिने आम्ही या दारात इंजिन घुरघुरत ठेवून उभे होतो, आणि इतके महिने आतलं यंत्र मुकं होतं. माझ्या जातीचं कुणीतरी आत राहतं हे मला ठाऊकच नव्हतं.

"मावशी, आठ दिवस थांबा म्हटलं होतं ना?" ताईने गाडीच्या खिडकीतूनच विचारलं.

"हळूच चालवतेय गं," आतून आवाज आला. "भरलीय जखम. एवढी शिवण पुरी करते, मग बघ."

ताई उतरली नाही. तिचा पाय माझ्यावर तसाच होता, अगदी हलका. शेजारच्या मॅटवर आप्पांचं पाऊल त्या खटखटीच्या ठेक्यात हलत होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. टंचाई संपली, पण ताईचा पाय तसाच राहिला. माझ्या रबरावरच्या रेघा उजव्या कडेला पार पुसल्या आहेत, तिथे तिची टाच नाही, अंगठ्याखालचा तळवा टेकतो. या महिन्यात गाडी मोडीत जाणार असं कानावर आलंय. माझी तक्रार नाही.

जाता जाता तुम्हाला एकच विनंती. पुढे तांबडा दिवा दिसत असताना माझ्या भावंडांवर उभे राहू नका, तिथे थांबायचंच आहे. तुमच्याही फेरीत कुणीतरी शेवटचं असेल. त्याच्यापुरतं टाकीत राहू द्या.